इंधनावरची रिमोट कंट्रोल गाडी : बेताच्या पैशांत सुरुवात

इंधनावर चालणाऱ्या रिमोट कंट्रोल गाड्यांविषयी आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. हाताशी पैसे मोजके असताना या छंदात कसे शिरावे आणि शिरल्यावर टिकावे कसे, हाच बहुतेक पत्रांचा रोख आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. बॅटरीवरची गाडी काही काळ चालवली, पण मला खऱ्या इंजिनाची ओढ आहे. नायट्रो गाडी घ्यावी की पेट्रोलची? आणि साठवलेले सगळे पैसे गाडीवरच खर्च करावेत का?

उत्तर : केवळ स्वस्तात गाडी पळवायची असेल, तर बॅटरीची गाडीच परवडते, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु इंजिनाचा आवाज, धुराची रेघ आणि स्वतःच्या हाताने इंजिन जुळवण्याचा आनंद तुम्हाला हवा आहे, आणि त्याला बॅटरीच्या गाडीत पर्याय नाही.

पेट्रोलच्या गाड्या साधारणपणे १:५ या मोठ्या प्रमाणात, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक पंचमांश आकारात, बनवलेल्या असतात. त्यांचे टू-स्ट्रोक इंजिन २३ ते ३० सीसीचे असते, त्यात स्पार्क प्लग असतो आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळून ते चालते. इंधन स्वस्त पडते हे खरे. मात्र गाडीचे वजन १० किलोच्या पुढे जाते, टायरपासून सस्पेन्शनच्या दांड्यांपर्यंत प्रत्येक सुटा भाग मोठा आणि म्हणून महाग असतो, शिवाय चालवायला मोठे मोकळे मैदान लागते. नायट्रो गाडी, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणारी, १:१० किंवा १:८ प्रमाणातली असते. लहान गाडीत २ ते ३ सीसीचे आणि १:८ गाडीत बहुधा ३.५ सीसीचे इंजिन बसवलेले असते. इंधन महाग, पण गाडी आणि तिचे भाग तुलनेने स्वस्त, असा हा हिशेब आहे. मर्यादित पैशांत सुरुवात करणाऱ्याने नायट्रोच घ्यावी, असे माझे मत आहे.

सगळे पैसे गाडीवर मात्र मुळीच घालू नका. निदान एक तृतीयांश बाजूला ठेवा. नवी ‘रेडी टू रन’, म्हणजे जोडून तयार मिळणारी गाडीही खोक्यातून काढली की लगेच चालत नाही. इंधन पेटवणारा ग्लो प्लग तापवण्यासाठी चार्ज होणारा इग्नायटर, इंधन भरण्याची बाटली, दोन-तीन जादा ग्लो प्लग, प्लग उघडण्याचा चौमुखी पाना, षटकोनी स्क्रूंसाठी चांगल्या पोलादाचे ड्रायव्हर, एअर फिल्टरचे तेल, काम संपल्यावर इंजिनात सोडायचे आफ्टर-रन ऑइल आणि लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड टेंपरेचर गन एवढे लागतेच. यातली टेंपरेचर गन अनेकांना चैन वाटते, परंतु मी तिला पहिला क्रमांक देईन. का, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

इंधनाचा हिशेबही आधी मांडून ठेवा. शर्यतीच्या १:८ बग्गीची टाकी १२५ सीसीची असते आणि एका टाकीत गाडी साधारण आठ ते दहा मिनिटे पळते. म्हणजे एक लिटर इंधनात आठ टाक्या, सुमारे सव्वा तासाचे चालवणे. तुमच्याकडच्या इंधनाच्या दराने हा आकडा गुणून पाहिला, की महिन्याला किती वेळा मैदानावर जाणे झेपेल ते कागदावरच कळते.

प्रश्न : नायट्रो इंधन फार महाग आहे. त्यात थोडे पेट्रोल मिसळले, किंवा नुसते पेट्रोल घातले, तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. नायट्रो इंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेवर मिथेनॉलच्या वाफेची रासायनिक क्रिया होते, तीमुळे तार धगधगती राहते आणि तिच्यावरच इंधन पेटते. इग्नायटर फक्त सुरुवातीला लागतो. पेट्रोलची अशी क्रिया होत नाही. त्यात भर म्हणजे सिलिकॉनच्या इंधननळ्या पेट्रोलने खराब होतात. बचत करायची असेल, तर नायट्रोमिथेनच्या टक्केवारीत करा. या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण म्हणून एरंडेल किंवा कृत्रिम तेल असते. नायट्रोमिथेन जितके जास्त, तितकी किंमत जास्त. नवशिक्याला १६ ते २० टक्के पुरेसे होते. ३० टक्क्यांचा फायदा शर्यतीतल्या सरावलेल्या हातालाच घेता येतो. तेलाच्या प्रमाणात मात्र कधीही काटकसर करू नका, कारण या इंजिनाला वंगणाचा दुसरा मार्गच नाही. इंधन घेण्यापूर्वी आपल्याकडचे नियमही पाहावेत. युरोपीय संघात २०२१ पासून १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले इंधन सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय विकता येत नाही.

प्रश्न : नवी गाडी परवडत नाही. वापरलेली घेताना फसगत होऊ नये म्हणून काय पाहावे?

उत्तर : वापरलेली १:८ गाडी हा बेताच्या पैशांतला बहुधा सर्वांत शहाणा सौदा असतो, पण तो इंजिन पाहिल्याशिवाय करू नये.

पहिली तपासणी थंड इंजिनावर करावी. प्लग जागेवर असताना फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक, बोटांनी सावकाश फिरवा. पिस्टन अगदी वर येतो तिथे ते स्पष्टपणे अडले पाहिजे आणि जोर लावल्यावरच पुढे सरकले पाहिजे. या इंजिनांच्या पिस्टनवर रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोमचा मुलामा दिलेली पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, अशी ही रचना असते आणि स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती ठेवलेली असते. थंड असताना पिस्टन तिथे घट्ट बसतो. इंजिन तापले की स्लीव्ह प्रसरण पावते आणि जागा नेमकी होते. थंड इंजिनाचे फ्लायव्हील कुठेही न अडता गरगर फिरत असेल, तर त्या पिस्टन-स्लीव्हचे आयुष्य संपत आले आहे असे समजा आणि नव्या जोडीची किंमत सौद्यातून वजा करा.

त्यानंतर प्लग काढून फ्लायव्हील पुन्हा फिरवावे. खरखर जाणवली, तर बेअरिंग गंजले आहे. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट फिरवा. आत बारीक माती लागली, तर तो सौदा सोडून द्या, इतके मी ठामपणे सांगतो. धुळीने इंजिन आतून घासले गेलेले असते आणि ते कार्ब्युरेटरची कोणतीही सुई फिरवून जुळवता येत नाही. चेसिस सपाट जागी ठेवून वाकली आहे का ते पाहणे, चाके हलवून ढिलाई तपासणे, दोन्ही सर्व्हो (चाके आणि थ्रॉटल-ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पूर्ण वळतात का ते बघणे, ही कामे पाच मिनिटांची आहेत. शेवटी विक्रेत्याला गाडी आपल्यासमोर थंड अवस्थेतून सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेले झिजके इंजिन सुरू होताना जवळजवळ नव्यासारखेच वाटते.

ज्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. पहिल्याच महिन्यात पुढच्या सस्पेन्शनची दांडी मोडणार आहे, हे गृहीत धरूनच निवड करा.

प्रश्न : नवी १:१० गाडी घेतली. सुरू करण्याची दोरी ओढताना इंजिन फार घट्ट लागते, सुरू झाले तरी वेग देताच बंद पडते. सुया कुठे फिरवाव्यात तेच कळत नाही. इंजिन खराब निघाले का?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून इंजिनात दोष असावा असे वाटत नाही. नव्या इंजिनाचा घट्टपणा हा वर सांगितलेल्या निमुळत्या स्लीव्हचाच आहे. हेअर ड्रायरने इंजिनाचे हेड साधारण ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवा, मग दोरी ओढा. फरक लगेच जाणवेल. दोरी आखूड झटक्यांनी ओढावी, ती टोकापर्यंत ताणू नये. ती मधेच पूर्ण अडली, तर बळजबरी करू नका. इंधन आत साचलेले असते. प्लग काढा, गाडी उलटी धरा, तोंड प्लगच्या छिद्रापासून दूर ठेवा आणि दोन-चार वेळा दोरी ओढून इंधन बाहेर टाका.

पहिल्या चार-पाच टाक्या इंजिनाच्या रनिंग-इनसाठी, म्हणजे नवे इंजिन बेताने चालवून सरावाला आणण्यासाठी, राखून ठेवाव्यात. या काळात मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, असावे आणि वेग थोडा थोडा चढवत पुन्हा उतरवावा. मात्र रिचचा अर्थ थंड असा घेऊ नका. अनेक जण काळजीपोटी इंजिन इतके थंड चालवतात, की स्लीव्ह पुरेशी उघडतच नाही आणि पिस्टन प्रत्येक फेऱ्यात वर घासत राहतो. ९० अंशांच्या आसपास तापमान ठेवले, तर दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातात.

आता सुया. हाय-स्पीड सुई जोरात धावताना किती इंधन जाते ते ठरवते, लो-स्पीड सुई आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना, आणि वेग घेतानाचे प्रमाण ठरवते, आणि आयडल स्क्रू कार्ब्युरेटर किती उघडा राहील तेवढेच पाहतो. सुई घड्याळाच्या दिशेने फिरवली की मिश्रण लीन होते, म्हणजे इंधन घटते. उलट फिरवली की रिच. हात लावण्यापूर्वी दोन्ही सुया सावकाश बंद करत किती फेरे बसतात ते मोजा, लिहून ठेवा आणि पूर्ववत उघडा. पुढे कितीही गोंधळ झाला, तरी या नोंदीवर परत येता येते. सुई एका वेळी घड्याळाच्या दोन आकड्यांमधल्या अंतराएवढीच फिरवावी आणि पूर्ण तापलेल्या इंजिनावर आधी हाय-स्पीड सुई, मग लो-स्पीड सुई जुळवावी.

लो-स्पीड सुईची परीक्षा सोपी आहे. आयडलवर असताना इंधननळी चिमटीत दाबून धरा. इंजिन दोन-तीन सेकंद चालून, किंचित वेग घेऊन बंद पडले, तर प्रमाण ठीक आहे. लगेच बंद पडले तर लीन, बराच वेळ घुटमळत राहिले तर रिच. तुमची गाडी वेग देताच बंद पडते, तेव्हा ही परीक्षा सर्वांत आधी करा. त्याही आधी टाकीचे झाकण आणि सायलेन्सरकडून टाकीकडे येणारी दाबाची नळी नीट बसली आहे ना ते पाहा. तिथून दाब गळत असेल, तर सुया फिरवण्यात तास जातील आणि हाती काही लागणार नाही.

रनिंग-इन संपल्यावर प्लगजवळ मोजलेले तापमान ढोबळमानाने ९५ ते १२० अंशांत राहावे आणि सायलेन्सरमधून निळसर धुराची बारीक रेघ नेहमी दिसावी. धूर नाहीसा झाला आणि गाडी अचानक विलक्षण वेगाने पळू लागली, तर तो आनंदाचा क्षण मानू नका. मिश्रण लीन झाले आहे, वंगणही त्याबरोबर घटले आहे आणि इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. माझे पहिले इंजिन मी असेच गमावले. त्या दिवशी टेंपरेचर गन हातात असती, तर ते आजही चालत असते. थंड हवा दाट असल्याने तिच्यात मिश्रण आपोआप लीन होते, म्हणून ऋतू बदलला की सुया पुन्हा तपासाव्या लागतात.

प्रश्न : आमचा तेरा वर्षांचा मुलगा नायट्रो गाडीचा हट्ट धरून बसला आहे. त्याच्या हाती ती देणे सुरक्षित आहे का?

उत्तर : मोठे माणूस सोबत असेल तरच, आणि इंधन मोठ्यांनीच हाताळावे. मिथेनॉल विषारी आहे. ते पोटात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो, आणि ते त्वचेतूनही शरीरात शिरते. ते मूळ डब्यातच ठेवावे, पेयाच्या बाटलीत कधीही ओतू नये आणि भरताना हातमोजे घालावेत. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे गाडीपाशी उष्णता जाणवली आणि आग दिसली नाही, तरी ती लागली आहे असे समजूनच वागावे. इंजिन घरात किंवा बंद गॅरेजमध्ये सुरू करू नये.

दुसरी काळजी गाडी हाताबाहेर जाण्याची. बॅटरीची गाडी सिग्नल तुटल्यावर बहुधा थांबते. नायट्रो गाडीचा थ्रॉटल उघडा राहिला, तर ती टाकी रिकामी होईपर्यंत धावत सुटते. म्हणून गाडीतल्या रिसीव्हरमधील फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटताच ब्रेक लावणारी सोय, लावलेला असलाच पाहिजे. चाके जमिनीपासून वर उचलून, इंजिन बंद असताना, थोडा थ्रॉटल देऊन हातातला ट्रान्समीटर बंद करा. सर्व्हो ब्रेककडे वळला पाहिजे. ही तपासणी मुलाकडून प्रत्येक वेळी करवून घ्या. ट्रान्समीटर सर्वांत आधी सुरू आणि सर्वांत शेवटी बंद करायचा, तसेच रिसीव्हरच्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करूनच निघायचे, हे दोन नियमही त्याच्या अंगवळणी पडू द्या.

प्रश्न : चार महिने गाडी कपाटात होती. आता इंजिन अजिबात फिरत नाही. काय करावे?

उत्तर : दोरी ओढू नका, ती तुटेल किंवा आतले वन-वे (एकाच दिशेने फिरणारे) बेअरिंग जाईल. प्लग काढून छिद्रातून आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब सोडा, हेड हेअर ड्रायरने चांगले तापवा आणि फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवत सोडवा. एरंडेल सुकून चिकट झाले असेल किंवा पिस्टन वर अडकून बसला असेल, तर एवढ्याने इंजिन बहुधा मोकळे होते. फिरू लागल्यावर खरखर आली, तर बेअरिंग बदलावे लागेल, कारण मिथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि उरलेले इंधन आतल्या पोलादाला गंज आणते.

यापुढे दिवसाचे शेवटचे काम ठरवून ठेवा. टाकी रिकामी करा, नळीत उरलेले इंधन इंजिन सुरू करून जाळून टाका, कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन ऑइलचे चार-पाच थेंब घालून इग्नायटर न लावता इंजिन काही फेरे फिरवा आणि पिस्टन खाली आणून ठेवा. पिस्टन खाली असताना फ्लायव्हीलवर रंगाची खूण केली, तर पुढच्या वेळी अंदाज घ्यावा लागत नाही. फिल्टरचा स्पंज धुऊन, वाळवून, पुन्हा तेलात भिजवून मगच गाडी कपाटात जाऊ द्या. इंधनाचा डबाही घट्ट झाकून, उजेडापासून दूर ठेवा.