गतिमंद, डिस्लेक्सिया आणि ‘ढ’

प्रश्न (एक आई, यावल): चौथीतला मुलगा वाचताना अडखळतो. शाळेत कुणी ‘गतिमंद’ म्हणतं, कुणी ‘डिस्लेक्सिया’. एकच ना?

उत्तर: नाही ताई. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरल्याने मुलांचं फार नुकसान होतं. गतिमंद मुलाचा बुद्ध्यांक सरासरीहून थोडा कमी, साधारण ७० ते ८५ असतो. त्याला सगळेच विषय सावकाश समजतात. डिस्लेक्सिया म्हणजे वाचन अक्षमता. यात बुद्धी चांगली असते, शिकवणंही झालेलं असतं, पण अक्षर आणि उच्चार यांची सांगड बसत नाही. तुम्हीच लिहिलंय, केळीच्या घडांचं वजन आणि भाव सांगितला की तो तोंडी हिशेब करतो. तेच गणित पुस्तकात आलं की गप्प बसतो. सोबत पाठवलेल्या वहीच्या पानावर ‘घर’चं ‘धर’ झालंय, ‘भाकर’ची ‘मकर’. तोंडी हिशेब पटकन, पण वाचताना-लिहिताना अडचण, अशी तफावत गतिमंद मुलात सहसा दिसत नाही. मात्र एका पानावरून निदान होत नसतं. आधी डोळे-कान तपासा, मग बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन या दोन्ही चाचण्या करून घ्या. लिहिण्यातल्या अडचणीला डिस्ग्राफिया म्हणतात, आकडेमोडीतल्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया. डिस्लेक्सियासकट या तिन्हींना मिळून ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतात. एकाच मुलात दोन-तीन अडचणी असू शकतात.

प्रश्न (शिक्षक, शिरपूर): पहिलीतली मुलगी ‘माझा भाऊ’ऐवजी ‘मना भाऊ’ लिहिते. अध्ययन अक्षमता समजावी का?

उत्तर: मुळीच नको, सर. ती अहिराणी लिहितेय, आणि जसं बोलते तसं अचूक लिहितेय! म्हणजे आवाज आणि अक्षर तिच्या डोक्यात छान जुळलंय. अहिराणी, पावरी, भिली बोलणाऱ्या लेकरांवर हा शिक्का पटकन बसतो, त्याची मला फार काळजी वाटते. घरच्या बोलीतले शब्दही तिला अक्षरांत मांडता येत नसतील, तरच शंका घ्या.

प्रश्न (वडील, चोपडा): मुलगा एका जागी बसत नाही. एडीएचडी असेल?

उत्तर: एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. नुसत्या धावपळीला ते नाव देऊ नका. लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत. त्रास फक्त शाळेतच असेल, तर आधी तिथे काय चाललंय ते बघा.

प्रश्न (आजी, धुळे): नातीला वर्गात ‘ढ’ म्हणतात. तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली. प्रमाणपत्र घेतलं तर कायमचा शिक्का बसेल का?

उत्तर: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. मला तो ‘ढ’चा शिक्काच जास्त खुपतोय. प्रमाणपत्र घ्या, आजी.