वाचकांचे प्रश्न : उन्हात ड्रोन तापतो

प्रश्न : काटोल रस्त्यावरच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मे महिन्यात दुपारी छोटा ड्रोन उडण्याआधीच ‘तापमान जास्त’ दाखवतो. बिघाड आहे का?

उत्तर : बहुधा नाही. अशा अनेक ड्रोनची मर्यादा ४० अंश असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. शिवाय उडताना मिळणारा वारा जमिनीवर मिळत नाही, पण आतला प्रोसेसर आणि व्हिडिओ पाठवणारा भाग मात्र तापतच राहतो. म्हणून नकाशा, कार्ड, सेटिंग सगळं सावलीत आधी उरका. ड्रोन सर्वांत शेवटी सुरू करा, जीपीएस मिळताच उडवा. काळ्या मातीवर नको, फिक्या रंगाच्या पाटावर ठेवा. अपडेट घरी, पंख्यासमोर.

मोबाईलही तापतो, त्याचं कव्हर काढा.

बॅटरीची काळजी सर्वांत महत्त्वाची. उतरल्यावर काढून सावलीत निवू द्या, हाताला गार लागल्यावरच चार्ज करा. फ्रिजमध्ये कधीच नको, आत दव धरतं. बंद गाडीत ठेवू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. खरं तर उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतच उडवा.