फॅरो बेटांवर नोकरीला जाण्याआधी

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: रत्नागिरीच्या कोळंबी कारखान्यात तुम्ही क्वालिटी बघता, उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरच्या एका सॅल्मन माशाच्या कंपनीशी बोलणी चालू आहेत, पत्नी अकाउंट्समध्ये आहे, आणि एजंट म्हणतोय की "डेन्मार्कचाच भाग आहे, डेन्मार्कचा व्हिसा चालेल." आधी हेच बघू, कारण ते चुकीचं आहे.

बेटं डेन्मार्कच्या राजसत्तेखाली असली तरी १९४८ पासून तिथे स्वशासन आहे. १९७३ मध्ये डेन्मार्क युरोपीय समुदायात गेला, फॅरो बाहेर राहिलं. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही ते नाही. डेन्मार्कच्या व्हिसात किंवा निवास परवान्यात ही बेटं आपोआप धरली जात नाहीत, परवान्यावर फॅरोचा स्पष्ट उल्लेख लागतो. अर्ज डेन्मार्कच्या 'सिरी' या एजन्सीकडे जातो आणि फॅरोच्या अधिकाऱ्यांचं मत घेतलं जातं. या कामाला स्थानिक माणूस का मिळत नाही, हा त्यातला खरा मुद्दा. म्हणून ऑफर लेटरवर नुसतं 'फॅक्टरी वर्कर' लिहून घेऊ नका. हुद्दा, कामाचं स्वरूप, पगार, आठवड्याचे तास आणि तुमच्या फिशरीजच्या पदवीची किंवा अनुभवाची गरज का आहे, हे सगळं त्यात यायला हवं. परवाना सहसा त्याच मालकाशी बांधलेला असतो, नोकरी बदलली की नवा अर्ज करावा लागतो. पत्नीचा अर्ज वेगळा, तोही बरोबरच टाका.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. फॅरोच्या परवान्यावर कोपनहेगनला राहता येत नाही. विमानं बहुतेक कोपनहेगन, रेक्याविक किंवा एडिनबरामार्गे, म्हणजे वाट शेंगेनमधून नाहीतर ब्रिटनमधून. सुट्टीवर घरी येताना-जाताना भारतीय पासपोर्टवर त्या थांब्यासाठी काय लागेल, हे तिकीट काढायच्या आधी लेखी विचारून ठेवा. माणसं अडकतात ती बहुधा परतीच्या प्रवासात.

आता जागेबद्दल. अठरा बेटं, सतरांवर वस्ती, एकूण क्षेत्रफळ साधारण १,४०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या चोपन्न-पंचावन्न हजार. अक्षांश ६२ उत्तर, पण गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्यामुळे हिवाळ्यात सरासरी तापमान ३-४ अंशांवर राहतं. बर्फ पडतो, पण सखल भागात फार दिवस टिकत नाही. उन्हाळा मात्र जेमतेम ११ अंशांचा. पावसाचं गणित तुम्हाला लगेच कळेल: राजधानी टोर्सहाउनला वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर, म्हणजे रत्नागिरीच्या निम्म्याहून कमी. पण तो बाराही महिने विभागून, बहुतेक आडवा पडतो. छत्री काही कामाची नाही. मासेमार घालतात तसा जाड पीव्हीसीचा पँट-जॅकेटचा रेनसूट तिथेच घ्या, आत लोकर. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि दार एका हाताने घट्ट धरून उघडा. मागून वारा असेल तर दार हिसकलं जातं आणि बिजागऱ्या वाकतात.

डिसेंबरात उजेड जेमतेम पाच तास, जूनमध्ये एकोणीस तासांच्या वर. जमलं तर एप्रिल-मेमध्ये रुजू व्हा. नोव्हेंबरात येणारा माणूस अंधार, नवी भाषा आणि घराचा शोध तिन्ही एकदम अंगावर घेतो. ड जीवनसत्त्वाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

कामाचं म्हणाल तर तुमचा अनुभव तिथे लागू पडतो. देशाच्या वस्तू-निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा मासळीचा: बांगड्याच्या जातीतली मॅकरेल, हेरिंग, ब्लू व्हायटिंग, कॉड आणि सगळ्यात मोठा सॅल्मन. बाकाफ्रॉस्ट, हिडनफ्योर्ड आणि मोवी या सॅल्मनमधल्या कंपन्या. पिल्लं जमिनीवरच्या गोड्या पाण्याच्या टाक्यांत वाढवतात आणि मग फ्योर्डमधल्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या खाडीतल्या, पिंजऱ्यांत सोडतात. अलीकडे पिल्लू टाकीतच जास्त मोठं करण्याकडे कल आहे, कारण समुद्रात जितके महिने कमी, तितका समुद्री उवांचा, म्हणजे माशाच्या अंगाला चिकटणाऱ्या परजीवींचा, त्रास कमी. २००० नंतरच्या काही वर्षांत आयएसए या सॅल्मनच्या विषाणूने हा धंदा जवळपास झोपवला. त्यानंतर नियम कडक झाले: लसीकरण, एका फ्योर्डमध्ये एकाच पिढीचे मासे आणि दोन पिढ्यांमध्ये पिंजरे रिकामे ठेवणं.

एचएसीसीपी (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत), तापमानाच्या नोंदी, युरोपीय खरेदीदारांचे ऑडिट हे तुम्हाला सवयीचं आहे. बदलतो तो धोका. कोळंबीत तुम्ही साल्मोनेला आणि अँटिबायोटिकचे अंश बघत होतात, इथे कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या सॅल्मनमध्ये लिस्टेरिया या जिवाणूची भीती मोठी. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि कन्व्हेयरच्या सांध्यांत, नाल्यांत, सुऱ्यांच्या मुठींत घर करतो. स्वॅब कुठून घ्यायचा आणि पॉझिटिव्ह आला तर लाइन कशी सोडवून धुवायची, याची तयारी मुलाखतीत दाखवा.

एकाच धंद्यावर उभा देश आहे, हे विसरू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मासेमारी आणि बँका एकदम कोसळल्या तेव्हा दहा टक्क्यांहून जास्त लोक देश सोडून गेले. आज बेकारी नगण्य आहे, पण कंपनी अडचणीत आली तर तुमच्या परवान्याचं काय होईल, हे आधी विचारा.

सगळ्यात अवघड गोष्ट घराची. भाड्याची घरं मोजकी, बरीचशी कुणाच्या तरी घराच्या तळमजल्यावर, आणि ओळखीतून जाणारी. निदान पहिल्या सहा महिन्यांची राहायची सोय मालकाने करारात लिहून द्यावी. ते नसेल तर होकार देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. टोर्सहाउनमध्येच राहायचा हट्ट नको. २०२० च्या डिसेंबरात उघडलेल्या ११ किलोमीटरच्या समुद्राखालच्या बोगद्यामुळे एस्तुरोय बेटावरचं रुनाविक राजधानीपासून पाऊण तासाने जवळ आलं. टोल मात्र पडतो, तो कोण भरणार ते विचारा. टोर्सहाउनच्या लाल सिटी बस फुकट आहेत. रस्त्यावर मेंढी आडवी आली आणि धडकली तर पोलिसांना कळवावंच लागतं.

पत्नीच्या नोकरीला भाषा आडवी येईल. हिशेबाचं काम फॅरोईज आणि डॅनिशमध्ये चालतं. इंग्रजी सगळीकडे समजते, पण कर आणि पगारपत्रकाची कागदं इंग्रजीत नसतात. पहिलं वर्ष फिश फॅक्टरी, साफसफाई किंवा वृद्धाश्रमातलं काम आणि जोडीला भाषेचा वर्ग, असं धरून चला. फिलिपिन्स आणि थायलंडहून आलेल्या बायका बऱ्याच आहेत, कुठला वर्ग चांगला ते त्यांना विचारावं.

मटण आणि मासळी उत्तम, भाजीपाला बहुतेक आयात आणि महाग. वाऱ्यावर सुकवलेलं मटण फटी असलेल्या लाकडी खोपीत महिनोन् महिने टांगतात. वासाची सवय असलेल्या माणसाला, म्हणजे सुकट-बोंबील खाणाऱ्याला, ते जड जाणार नाही. कुकर, त्याच्या दोन जादा रिंगा, मालवणी मसाला, कोकम आणि डाळी सामानात घ्या. भारतीय प्लग तिथे बसत नाही, त्यामुळे मिक्सरसाठी अडॅप्टर लागेल. नोटा फॅरोच्या वेगळ्या असल्या तरी डॅनिश क्रोनइतक्याच किमतीच्या. बाहेर मात्र त्या कोणी सहसा घेत नाही, म्हणून घरी यायच्या आधी त्या बँकेत भरून टाका.