फुगलेलं लिनोलियम आणि जुलैची तारीख

दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे: नव्या घराच्या कोब्यावर नागपूरच्या दुकानातून आणलेलं लिनोलियम, म्हणजे जमिनीला चिकटवायचं आच्छादन, बसवलं, ४२,००० रुपये गेले, पहिल्याच पावसाळ्यात फुगे आले. दुकानदार ‘पाहतो’ म्हणतो. आता केस होईल का? कधी टाइल्स, कधी पत्रे, कधी मोटारपंप. वस्तू बदलते, पत्र मात्र हेच येतं.

भाऊ, तुमच्या पत्रातली एकच ओळ मी तीनदा वाचली: मे २०२४ मध्ये बसवलं, जुलैच्या मध्याला फुगे दिसले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. म्हणजे जुलै २०२६ चा मध्य. दुकानदार आधी म्हणाला पोळा होऊ द्या, मग दिवाळी, मग तूर निघू द्या. त्याच्या या तोंडी वायद्यांनी तुमची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही वाढत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं आणि ‘भरवसा ठेवला’ हे कारण पुरेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. मुदत दुकानदाराने नकार दिला तिथून मोजावी, असाही युक्तिवाद करता येतो. त्यावर घर बांधू नका.

नागपूरला जायची गरज नाही. तुम्ही राहता तिथे, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. इतकं सोपं असताना जवळपास दोन वर्षं का दवडलीत, याचा मला खरोखर राग येतो.

पक्कं बिल घेतलं नाही, हीही तुमचीच चूक. तरी बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद आणि व्हॉट्सअॅपचे संदेश जपा, नवा फोन घेतलात तरी जुना विकू नका.

दुकानदार हमीपत्रातल्या अटीवर बोट ठेवेल: ओल असलेल्या जमिनीवर बसवल्यास हमी नाही. पण बसवायला माणूस त्याचाच आला होता. आपल्या काळ्या मातीत जोत्यापर्यंत ओल चढते, आणि तुमचा कोबा नुकताच घातलेला. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी पट्टीने चिकटवून एक दिवस ठेवला की खाली पाण्याचे थेंब दिसतात, एवढी साधी तपासणी त्याने केली नाही. हा सेवेतला दोष ठरावा असं मला वाटतं. कोबा तुमच्या गवंड्याचा होता, तेव्हा आयोग थोडा भार तुमच्यावरही टाकू शकेल.

आणखी एक पाहा. खरं लिनोलियम जवसाच्या तेलात बुचाचा आणि लाकडाचा भुसा, राळ मिसळून तागाच्या कापडावर करतात. ते जवस आपल्याकडे रब्बीत पिकतं. बाजारात त्या नावाने बहुधा पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा रोल विकतात. तुकडा उलटून पाहा. मागे ताग नसेल आणि हमीपत्रावर ‘लिनोलियम’ छापलं असेल, तर चुकीचं वर्णन करून माल विकल्याचा वेगळा मुद्दा तक्रारीत घ्या.

निकाल कधी लागेल? कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि माणसं मधेच तक्रार सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

मुलीच्या लग्नाआधी सगळं उखडून टाइल्स लावायच्या आहेत, असं लिहिलंत. लावा. पण त्याआधी तारखेसह फोटो काढा, फुगलेल्या जागेचा हातभर तुकडा खालच्या गोंदासकट शेजारच्या दोघांसमोर कापा, पिशवीत सीलबंद करून तिघांच्या सह्या घ्या. मूळ रोलचा उरलेला तुकडा माळ्यावर असेल तर तोही ठेवा. तक्रार मात्र त्याआधी, याच आठवड्यात दाखल करा.