गोयाची चित्रं ‘कोरीव’ म्हणावीत का?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न: स्पॅनिश चित्रकार गोयाच्या छापील उपहासचित्रांबद्दल लिहिताना ‘तांब्यावर कोरलेली’ म्हटलं तर चालेल का? आणि त्यांतल्या ॲक्वाटिंट या छपाईच्या पद्धतीला ‘जलरंग छपाई’ म्हणावं का?

दोन्ही टाळावं. भांडी बाजारात पातेल्यावर नाव टाकतात ते कोरणं, तिथे घाव थेट धातूवर बसतो. गोयाने वापरलेल्या एचिंग या पद्धतीत सुई फक्त तांब्याच्या पत्र्यावरचा मेणाचा थर खरवडते. उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं, आणि जितका वेळ खातं तितकी रेष खोल नि काळी छापली जाते. ज्या जर्मन क्रियापदापर्यंत ‘एचिंग’ हा शब्द पोचतो, त्याचाही मूळ अर्थ ‘खायला घालणं’ असाच. आंबट तांब्याला लागतं हे आपल्या घरांना ठाऊकच आहे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ते त्यामुळेच. तेव्हा एचिंगसाठी ‘अम्लरेखन’ हा रूढ शब्द चोख आहे, तोच वापरावा.

ॲक्वाटिंटमध्ये जलरंगाचा थेंबही नसतो. ठसा जलरंगाच्या सपाट छटेसारखा दिसतो, एवढाच पाण्याचा संबंध. खरं काम राळेचं. राळेची बारीक पूड पेटीत उडवायची, जाड कण खाली बसू द्यायचे आणि मग पत्रा आत सरकवायचा. साधारण निम्मा पृष्ठभाग झाकला की खालून ऊब द्यायची. कण पारदर्शक दिसू लागले की लगेच थांबायचं. ऊब जास्त झाली तर कण एकमेकांत वितळतात, आम्लाला फट उरत नाही आणि तिथे पांढरे डाग छापले जातात. कमी पडली तर कण आम्लात सुटतात. मग मोकळ्या तांब्यावर शाई धरत नाही, पुसताना निघून जाते. पांढरी जागा आधीच वॉर्निशने झाकायची. मग पत्रा थोडा वेळ आम्लात, बाहेर काढून फिकी छटा झाकायची, पुन्हा आत. सर्वांत काळं ते शेवटपर्यंत उघडं.

गोयाच्या 1799 मधल्या ‘लॉस काप्रिचोस’मध्ये 80 चित्रं आहेत. 39व्यात एक गाढव आपल्या वंशावळीचं पुस्तक उघडून बसलंय, आणि पानांवर ओळीनं गाढवंच! खानदानाच्या गर्वावर इतका नेमका फटका क्वचितच बसला असेल. त्या गाढवामागचा सपाट करडेपणा राळेचा आहे, म्हणून ‘कोरीव’ हा शब्द तिथे फारच तोकडा पडतो. ‘काप्रिचो’ म्हणजे लहर; मालिकेला मराठीत ‘लहरी’ म्हणता येईल. मालिकेतल्या बहुतेक चित्रांखाली मात्र ‘अम्लरेखन व ॲक्वाटिंट, कागदावर’ असं लिहावं. ‘ॲक्वाटिंट’ तसाच ठेवावा. ‘जलछटा’ म्हटलं की वाचक पुन्हा कुंचल्याकडेच वळतो.