मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडचा फुटबॉल क्लब खेळाडूंच्या खरेदीवर एवढा पैसा ओततो, तरी संघ का उभा राहत नाही? आणि पैसे तुमचे नसताना कोल्हापुरात बसून तुम्हाला राग कसला येतो?

हे दोन प्रश्न लोक मला विचारतात. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर आमच्या पेठेतच आहे.

आमच्याकडं फुटबॉल टीव्हीतून आलेला नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, ही संघांची नुसती नावं वाचली तरी कळेल की ज्या तालमीत पोरं लाल मातीत लोळली, तिथलीच पोरं पुढं चेंडूमागं धावली. हंगाम सुरू झाला की दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून माणसं शाहू स्टेडियमकडं निघतात. संघ चालतो तो पेठेतल्या वर्गणीवर आणि दोन-चार मोठ्या देणगीदारांवर. गेली कित्येक वर्षं बाहेरगावचे आणि आफ्रिकेतले खेळाडूही इथं येऊन खेळतात. त्यांच्या खोलीचं भाडं, जेवण, मानधन या सगळ्याची जुळणी मंडळाला करावी लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघानं जोरात वर्गणी गोळा केली. मीही दिली. नोंदणीची मुदत संपायला आठवडा उरला असताना दोन बाहेरचे फॉरवर्ड, म्हणजे पुढं खेळून गोल करणारे, आणले, तेही व्हिडिओ बघून. आमच्याकडं फॉरवर्ड आधीच तीन होते. कमी होता तो डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, कारण आमच्याच गल्लीतल्या पोराला 'यंदा बसावं लागेल' असं सांगून आम्ही दुसऱ्या संघात जाऊ दिलं होतं. उपांत्य सामन्यात त्याच डाव्या बाजूनं दोन गोल बसले. आमचा तो पोरगा समोरच्या संघातून नव्वद मिनिटं एकही चूक न करता खेळला.

त्या रात्री तालमीच्या कट्ट्यावर शे-दीडशे माणसं जमली. सत्तरीतले एक आण्णा उठले आणि सेक्रेटरीला म्हणाले, "वही आण." वही आली आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला गेला. सेक्रेटरीनं सगळ्यांसमोर मान्य केलं की नाव बघून घाई झाली. पुढच्या हंगामात तो पोरगा परत आला.

म्हणून सांगतो, पैसा वाया जाणं आम्हाला नवं नाही. ते सहन होतं. पण ज्याला वही आण म्हणता येत नाही अशा क्लबावर जीव जडला की जो राग येतो, तो वेगळा असतो.

आता पहिला प्रश्न. 2013 पासून बघा. युनायटेडचे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन 13 लीग विजेतेपदं मिळवून निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. खेळाडू निवडणारा आणि व्यवहार जमवणारा, दोघेही एकदम उठले. त्यानंतर पहिल्याच विंडोत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या मुदतीत, मारुआन फेलेनी आला. एव्हर्टन या त्याच्या आधीच्या क्लबबरोबरच्या करारात ठरावीक रकमेला सुटण्याचं कलम होतं, 2 कोटी 35 लाख पौंडांचं. ते जुलैअखेर संपलं. युनायटेडनं त्याला शेवटच्या दिवशी 2 कोटी 75 लाखांना घेतलं. महिनाभर आधी जाग आली असती तर 40 लाख पौंड वाचले असते. रक्कम मोठी नाही, पण मला तेव्हाच धास्ती वाटली होती, कारण आमच्या तालमीत नेमकं असंच होतं: यादी तयार नसते, मुदत जवळ येते, मग जो मिळेल तो.

2014 ला डी मारिया, जवळजवळ 6 कोटी पौंड, एका वर्षात परत विकला, तोही तोट्यात. 2016 ला पोग्बा, 8 कोटी 90 लाख. हा तर आपल्याच अकादमीतून, म्हणजे क्लब जिथं लहान पोरं घडवतो तिथून, 2012 मध्ये किरकोळ भरपाईवर गेलेला पोरगा. 2022 मध्ये करार संपल्यावर तो पुन्हा फुकट निघून गेला. 2019 ला मॅग्वायर, 8 कोटी, तेव्हा जगातला सर्वांत महागडा बचावपटू. 2021 ला सांचो आणि त्याच उन्हाळ्यात रोनाल्डो. 2022 ला अँटनी, 8 कोटींच्या वर. यातला प्रत्येक जण वाईट खेळाडू होता असं मी अजिबात म्हणणार नाही. मॅग्वायरला लोकांनी जे बोलून घेतलं ते मला कधीच पटलं नाही. किंमत त्यानं लावली नव्हती.

मुळात खरेदी दर वेळी वेगळ्या माणसाच्या डोक्यानं झाली. मॉयस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम. एकाला चेंडू पायात ठेवून खेळायचं होतं, दुसऱ्याला मागं थांबून झटकन पुढं धावायचं होतं, तिसऱ्याला मागं तीनच बचावपटू हवे होते. बहुतेकांसाठी चार-पाच खेळाडू आणले गेले. प्रशिक्षक तीन वर्षांच्या आत गेला, खेळाडू मात्र पाच वर्षांच्या करारावर तिथंच राहिले. टेन हागसाठी विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं धावणारे, घेतले आणि अमोरिमच्या रचनेत विंगरला जागाच उरली नाही. कुस्तीत मातीचा पैलवान वेगळा आणि मॅटचा वेगळा. एकाच आखाड्यात दर वर्षी माती काढून मॅट टाकायची आणि मॅट काढून माती, तर पैलवान कितीही तगडा असला तरी जिंकणार कसा?

टेन हागचं उदाहरण तर मला अजून झोंबतं. जुलै 2024 मध्ये त्यांचा करार वाढवला, ऑगस्टपर्यंत त्यांच्या पसंतीचे खेळाडू घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. खेळाडू निवडायला म्हणून आणलेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ पाच महिन्यांत, डिसेंबरमध्ये गेले. या दोन निर्णयांची भरपाईच जवळजवळ दीड कोटी पौंडांची. त्या हंगामात संघ पंधराव्या स्थानावर आला. युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल स्पेनमधल्या बिल्बाओला होती. इथं रात्री साडेबाराला आम्ही अकरा जण एका घरात बसून ती बघितली. टॉटनहॅमकडून 1-0 नं हरलो. पहाटे घरी जाताना कुणी कुणाशी बोललं नाही.

आता ज्या गोष्टीवर माझा खरा जीव तुटतो ती सांगतो. ती थोडी हिशेबाची आहे. समजा 8 कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर क्लबच्या हिशेबात त्याचा खर्च वर्षाला 1 कोटी 60 लाख असा पसरतो. अकादमीत वाढलेल्या पोराची खरेदी किंमत मात्र शून्य, म्हणून तो विकला की आलेली सगळी रक्कम त्याच वर्षी नफा म्हणून दिसते. युनायटेड खेळतं त्या प्रीमियर लीगनं तीन वर्षांतल्या तोट्याला 10 कोटी 50 लाख पौंडांची मर्यादा घातली, त्यामुळं ज्यांनी बाहेरच्या खरेदीत पैसा घालवला त्यांना तो खड्डा बुजवायला घरची पोरं विकणं सर्वांत सोपं झालं. चूक कार्यालयात झाली आणि शिक्षा पोराला.

स्कॉट मॅकटॉमिने पाच वर्षांचा असताना युनायटेडमध्ये आला होता. ऑगस्ट 2024 मध्ये तो इटलीतल्या नापोली क्लबला अंदाजे अडीच कोटी पौंडांना गेला आणि त्याच दिवसांत मधल्या फळीसाठी उगार्ते त्याहून कितीतरी जास्त पैसे देऊन आणला. त्याच हंगामात नापोलीनं इटलीची लीग जिंकली आणि मॅकटॉमिने त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला त्याचा आनंद झाला, अगदी मनापासून. पण ती बातमी वाचताना आमचा तो डावा बॅक डोळ्यांसमोर आला.

30 ऑक्टोबर 1937 पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या पथकात अकादमीत घडलेला किमान एक खेळाडू आहे. मधे महायुद्ध झालं, म्युनिकला संघाच्या विमानाला अपघात झाला, तरी हा धागा तुटला नाही. 25 मे 2024 ला एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला 2-1 नं हरवलं तेव्हा दोन्ही गोल अकादमीतल्या पोरांचे होते, गार्नाचो आणि माईनू, दोघंही एकोणीस वर्षांचे. पुढच्याच वर्षी गार्नाचो चेल्सीला गेला. त्याचं प्रशिक्षकाशी बिनसलं होतं हे खरं आहे, पण बिनसलेलं जुळवायला कुणी बसलं होतं का, हे मला विचारावंसं वाटतं.

पैसा कमी असूनही नीट काम होतं याची उदाहरणं त्याच लीगमध्ये आहेत. ब्रेंटफर्डनं एम्बोमोला 2019 मध्ये 60 लाख पौंडांच्या आत घेतलं, सहा वर्षं घडवलं, आणि 2025 मध्ये आम्ही त्याच्यासाठी साडेसहा कोटी मोजले. ब्रायटननं कैसेदोला असंच हेरून आणलं आणि चेल्सीनं त्याच्यासाठी 11 कोटींच्या वर दिले. या क्लबांत प्रशिक्षक बदलतो, पण कसला खेळाडू हवा हे ठरवण्याची पद्धत सहसा बदलत नाही. एम्बोमो चांगलाच खेळाडू आहे, तो आल्याचं मला समाधान आहे. प्रश्न एवढाच की साठ लाखांचा असताना तो आमच्या माणसांना का दिसला नाही.

मँचेस्टरच्या लोकांनीही वही मागून बघितली आहे. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबानं क्लब विकत घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर ठेवला, तेव्हा काही चाहते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या मालकीचा 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' उभा केला. तिथं सभासदाला एक मत असतं, आमच्या तालमीसारखंच. मे 2021 मध्ये लोक थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या घरच्या, मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढं ढकलावा लागला. नोव्हेंबर 2024 मध्ये, हंगाम सुरू असतानाच, उरलेल्या सामन्यांचं सभासदांचं तिकीट सरसकट 66 पौंड केलं, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांची सवलत काढून. खरेदीत कोट्यवधी घालवायचे आणि आजोबा-नातवाच्या तिकिटातून पैसे काढायचे, हे वाचून मला कोल्हापुरात बसून राग येतो. तो यावा असंच मला वाटतं.

आता विंडो उघडली की आमची पोरं ग्रुपवर कोण येणार याच्या बातम्या टाकतात. मी आधी कोण जाणार ते बघतो, आणि त्यात अकादमीतलं नाव दिसलं की फोन बाजूला ठेवून शाहू स्टेडियमवर जातो. तो डावा बॅक अजून खेळतो. आता तो आमच्या संघाचा कॅप्टन आहे.