ड्यूटी लिस्ट खरी लिहा : कॅज्युअल्टीतल्या मनोबलाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पूर्व उपनगरातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीची इनचार्ज सिस्टर आहे. प्रत्येक पाळीला पाच सिस्टर हव्यात, हाताशी आहेत एकूण चौदा जणी. ऑफ रद्द होतात, त्यावरून भांडणं होतात, दोघींनी बदलीचे अर्ज दिलेत. वरिष्ठ म्हणतात, योगवर्ग घ्या, दर महिन्याला एक उत्कृष्ट परिचारिका निवडा. याने खरंच फरक पडेल का?

उत्तर : योगवर्गाला आमचा विरोध नाही, पण तो ऑफच्या दिवशी ठेवला तर तुमच्या सिस्टर आणखी चिडतील. तुमच्याकडचं दुखणं ड्यूटी लिस्टमध्ये आहे. आधी हिशेब मांडा. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाला ३६५ गुणिले ३, म्हणजे १०९५ ड्यूट्या लागतात. एका सिस्टरचे ५२ साप्ताहिक ऑफ आणि रजा-सणांचे पन्नासेक दिवस वजा केले, तर तिच्या वर्षाला २६३च्या आसपास ड्यूट्या होतात. म्हणजे एका जागेमागे चारहून थोड्या जास्त सिस्टर लागतात आणि पाच जागांना एकवीस. चौदा जणींत तीनच जागा भरतात. नाईटनंतरचे ऑफ धरले तर त्याही जेमतेम.

म्हणून लिस्ट तिघींचीच लिहा. पाच जणींची लिहून रोज दोन नावांवर काट मारली, की सगळा राग रजेवर गेलेल्या बाईवर निघतो. तिघींची लिहिली, की माणसं मुळातच कमी आहेत हे कागदावर दिसतं. वरचा हिशेब दर महिन्याच्या १ तारखेला मेट्रन आणि अधीक्षकांना लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. तिघींच्या नावापुढे जागाही लिहा : एक दारात ट्राएजला, म्हणजे आलेला रुग्ण किती गंभीर ते ठरवायला, एक लाल विभागात, म्हणजे अतिगंभीर रुग्णांकडे, एक पिवळ्यात, म्हणजे त्याहून कमी गंभीर रुग्णांकडे. हिरव्यातले, म्हणजे चालत आलेले किरकोळ दुखण्याचे रुग्ण दिवसा ओपीडीत पाठवण्याचा लेखी आदेश अधीक्षकांकडून घ्या. तो नसेल तर सिस्टरने परत पाठवलेला प्रत्येक माणूस तिच्याशीच भांडतो.

पुढचं काम सात दिवसांचं. नर्सिंग स्टेशनवर एक कागद चिकटवा. लॅबमधून रिपोर्ट आणणं, रिकाम्या बेडसाठी वॉर्डांना फोन लावणं, केसपेपरची झेरॉक्स, लिननची मोजणी, इंडेंटसाठी, म्हणजे साहित्याच्या मागणीसाठी, स्टोअरला जाणं, असे रकाने पाडा. यातलं काही केलं की सिस्टरने फक्त एक रेघ मारायची. आठवड्याने रेघा मोजा आणि सगळ्यात लांब रकान्याचं काम क्लार्क किंवा वॉर्डबॉयकडे सोपवायला सांगा. पाचही कामं एकदम मागू नका, एकही हलणार नाही.

ऑफबद्दल नियम साधा हवा आणि तो इनचार्जनेही मोडायचा नाही : रात्री नऊला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून ऑफ रद्द करायचा नाही. आदल्या महिन्यात विचारून ‘गरज पडली तर येईन’ म्हणणाऱ्यांची यादी करा, आधी त्यांनाच फोन करा आणि बुडालेला ऑफ चौदा दिवसांत परत द्या. त्याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर असू द्या. इनचार्जच्या डायरीतली नोंद कितीही खरी असली तरी तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकवा. दुपारनंतर लगेच सकाळ लावली, तर रात्री नऊला सुटलेली सिस्टर बदलापूरला पोचते साडेअकराच्या सुमारास. सकाळी सातच्या ड्यूटीसाठी तिला पहाटे पाचच्या आत लोकल पकडावी लागते, म्हणजे झोप जेमतेम चार तास. दोन ड्यूट्यांत निदान अकरा तास ठेवा. रविवारची सकाळ शक्यतो जवळ राहणाऱ्यांना किंवा मेगाब्लॉक नसलेल्या मार्गावरच्यांना द्या. ज्यांच्याकडून रविवार घेतला, त्यांना बदल्यात शनिवार किंवा सोमवार मिळायलाच हवा.

गणपतीच्या रजेवरून जितकी मनं दुखावतात तितकी पगारावरूनही दुखावत नाहीत. त्यात हे दिवस डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या गर्दीचे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा कोकणात जाणाऱ्यांची नावं त्याआधीच ठरली पाहिजेत. गेल्या वर्षी ज्यांना गणपती मिळाला त्यांनी यंदा दिवाळी घ्यावी, उरलेल्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकाव्यात. ईद आणि नाताळची नावंही त्याच बैठकीत ठरवा. चिठ्ठी निघाल्यावर वरून आलेल्या फोनने ती बदलली, तर मात्र पुढच्या वर्षी कुणी चिठ्ठीला येणार नाही.

प्रश्न : नाईटला स्टाफला झोप काढू द्यावी का? आमच्याकडे यावरून मेमो निघाले आहेत. — मेडिकल ऑफिसर, दादर

उत्तर : द्यावी, पण ठरवून. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्यांच्या हातांचा आणि नजरेचा मेळ ०.०५ टक्के मद्य रक्तात असल्याइतका ढासळलेला आढळला. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांवर गाडी चालवणं गुन्हा आहे. मध्यरात्रीनंतर एकेकाला २० ते ३० मिनिटं द्या. त्याच्या जागी कोण उभं राहणार ते नावानिशी ठरवा, आणि जागी झाल्यावर १०-१५ मिनिटं त्या सिस्टरला औषधांचे डोस भरायला देऊ नका. झोप पाऊण तासाच्या पुढे गेली की माणूस गाढ झोपेतून उठतो आणि जास्तच सुस्तावतो. टेबलावर डोकं टेकून घेतलेल्या डुलकीने मान आखडते, तेव्हा एक खाट आणि एक दार लागणारी खोली मिळवा. नाईट करून लगेच दुपारची डबल ड्यूटी कुणालाही लावू नका, स्वतः मागितली तरी नाही.

प्रश्न : नातेवाईक अंगावर धावून येतात. मागच्या महिन्यात एका सिस्टरला धक्काबुक्की झाली, तक्रार तिलाच एकटीला द्यावी लागली. तेव्हापासून सगळे गप्प गप्प असतात. काय करावं?

उत्तर : धक्का बसला त्यापेक्षा एकटं पोलीस ठाण्यात जावं लागलं, हे सहकाऱ्यांच्या जास्त लक्षात राहतं. महाराष्ट्रात २०१०पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोड झालेल्या वस्तूंच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या रुग्णालयांना सांगितलं, की अशा घटनेनंतर सहा तासांत संस्थेनेच गुन्हा नोंदवावा आणि त्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. तुमचं रुग्णालय केंद्राचं नसलं तरी हाच नियम प्रशासनाकडून लेखी मागून घ्या. तक्रार रुग्णालयाच्या नावाने, सोबत एक वरिष्ठ अधिकारी, आणि तेवढा वेळ त्या सिस्टरची ऑन-ड्यूटी नोंद.

भांडण पेटतं ते बहुतेक वेळा कुणी काही सांगत नाही म्हणून. रुग्णामागे एकच नातेवाईक आत ठेवा. लाल विभागातल्या रुग्णाच्या घरच्यांशी दर अर्ध्या तासाने डॉक्टरने दोन वाक्यं बोलावीत, नवीन काही नसलं तरी. ‘सीटीचा रिपोर्ट यायला अजून एक तास लागेल’ एवढं कळलं तरी माणूस बाकावर बसतो. ‘जास्त गंभीर रुग्ण आधी, नंबराप्रमाणे नाही’ हा बोर्ड मराठी आणि हिंदीत दारातच लावा. मृत्यूची बातमी एकट्या सिस्टरने किंवा इंटर्नने कधीही द्यायची नाही. डॉक्टरसोबत आणखी एक जण हवा, सुरक्षारक्षकाला आधी कल्पना द्यावी आणि बातमी बाहेरच्या गर्दीत न देता आतल्या खोलीत बसवून द्यावी.

प्रश्न : नाईटला आमच्यासमोर एक लहान मूल गेलं. दहा मिनिटांत पुढची केस आली. कुणी काही बोललंच नाही. मी कंत्राटी स्टाफ नर्स आहे, नोकरीचं पहिलंच वर्ष. हे असंच असतं का?

उत्तर : अनेक ठिकाणी असंच चालतं, पण ते तसं असायला नको. अशा केसनंतर जागेवरच उभ्याने पाच मिनिटं थांबता येतं. केस चालवणारे डॉक्टर किंवा त्या पाळीतल्या सगळ्यात ज्येष्ठ सिस्टर सुरुवात करतात : काय झालं, काय बरोबर झालं, कोणती वस्तू वेळेवर हाताला लागली नाही, आणि आत्ता कुणाला दहा मिनिटं बाहेर जायचंय. कुणाची चूक हे त्या पाच मिनिटांत काढायचं नाही, ते नंतर आणि दिवसा. जी वस्तू सापडली नाही ती सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, सांगायची आणि त्याच दिवशी क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे जीव वाचवण्याच्या सामानाच्या ट्रॉलीत, आणायची. लहान मुलाचा मास्क खालच्या खणात अडकला होता असं निघालं आणि दुसऱ्या दिवशी तो वर आला, तर बोललेलं वाया गेलं नाही हे सगळ्यांना दिसतं.

त्या वेळी मन मोकळं करण्याची सक्ती मात्र कुणी तुमच्यावर करू नये. प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना बसवून भावना बोलायला लावल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, म्हणून ब्रिटनच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत तसं करू नका असं म्हटलं आहे. तुम्हाला बोलावंसं वाटेल तेव्हा ज्या सिस्टरपाशी बोलता येईल तिच्यापाशी बोला. झोप उडणं, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणं, ड्यूटीला निघताना छातीत धडधडणं हे दोनेक आठवड्यांनीही ओसरलं नाही, तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत आणि रात्रीही बोलता येतं. रडू आलं म्हणून तुम्ही या कामाला कच्च्या ठरत नाही.

प्रश्न : आम्ही मावशी आणि मामा, म्हणजे साफसफाई आणि वरकाम करणारे, कंत्राटावर आहोत. कचरा बांधताना सुई टोचली तर आम्हाला ओपीडीच्या रांगेत उभं करतात. आमच्या मनोबलाचं कोण बघतं?

उत्तर : तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि इनचार्जनी हा भाग स्टाफरूममध्ये लावावा. टोचलं की जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडात धरू नका. लगेच इनचार्ज आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगा. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी लागणार असेल तर ती शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा पुरा करावा लागतो. पहिला डोस कॅज्युअल्टीतल्याच कपाटात असला पाहिजे, चावी पाळीच्या सिस्टरकडे, कारण टोचणं रात्री दोनलाही होतं. रजिस्टरमध्ये तारीख-वेळेसह नोंद करून घ्या आणि तिचा फोटो स्वतःकडे ठेवा. कंत्राटदाराशी नुकसानभरपाईची गोष्ट निघाली तर तोच पुरावा.

हिपॅटायटीस बीच्या लशीचे तीन डोस (सुरुवातीला, एका महिन्याने, सहा महिन्यांनी) कामावर घेतानाच सुरू व्हावेत. कंत्राटी लोक अकरा महिन्यांनी बदलतात आणि बहुधा तिसराच डोस राहून जातो, म्हणून पुढची तारीख हजेरीपटावर नावासमोर लिहून घ्या. आणि सुई टोचण्याचं मूळ कारण बहुतेकदा एकच असतं : पांढरा शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेड टाकायचा, डबा ट्रॉलीपासून लांब असतो, म्हणून सुई केराच्या पिशवीत पडते. प्रत्येक ट्रॉलीला एक डबा बांधा, आणि तीन चतुर्थांश भरला की बदला.